उंबरठ्यापासून मोजलेलं पाणी

प्रिय दादा,

जाड पाकीट बघून कपाळाला आठ्या पडल्या असतील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते : कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही, घर उभं आहे. एवढं लांब लिहायचं कारण म्हणजे फोनवर आपल्याला बोलता येत नाही. तू 'बरं' म्हणतोस, मी 'बरं' म्हणते, आणि दोघंही बरे आहोत असं ठरवून आपण फोन ठेवतो. बारा वर्षं आपण असेच बरे आहोत. मला जे सांगायचंय ते त्या दोन 'बरं'च्या मधल्या जागेत मावणारं नाही.

आपली गल्ली राहणार की जाणार, हा प्रश्न गेलं वर्षभर इथे सगळ्यांच्या तोंडी आहे. तुझ्या कानावर काही आलं असेल, नसेल. मी अजून नगर नियोजनाच्या त्याच कार्यालयात आहे, दुसऱ्या मजल्यावर, फक्त टेबल आता खिडकीपाशी आलंय. समुद्र वर चढतोय, हे आता आमच्या साहेबांनाही मान्य आहे, म्हणून शहराच्या किनाऱ्याचा नवा आराखडा करायचा ठरला. नकाशावर एक तांबडी रेघ मारायची. रेघेच्या समुद्राकडच्या बाजूला जी घरं येतील त्यांच्यासाठी काहीतरी करायचं, म्हणजे बांध, पंप, नाहीतर वर नवी जागा. आतल्या बाजूच्या घरांना पुढची पंचवीस वर्षं काही नाही, कारण त्यांना धोका नाही असं गृहीत. रेघ कुठे मारायची हे यंत्रांनी मोजून ठरवायचं, असं आधी ठरलं होतं. मी म्हटलं, लोकांनाही विचारू. जे तिथे राहतात त्यांनी पाणी बघितलंय. साहेब म्हणाले, "बाई, लोकांना विचारलं की लोक बोलायला लागतात." ते तक्रारीच्या सुरात म्हणाले. मी महिनाभर त्यांच्या मागे लागले आणि शेवटी नियमांत एक कलम घालून घेतलं, की यंत्राचं माप आणि रहिवाशांचा अनुभव यांत फरक पडला तर अनुभवाला जास्त वजन द्यावं. ते कलम माझ्या हातचं आहे. ते लिहिलं त्या दिवशी मी कार्यालयातून घरी चालत आले, बसमध्ये बसवेना इतका आनंद झाला होता.

आपल्या गल्लीचं काम मीच मागून घेतलं. एकतीस घरं, वही घेऊन एकेका दारात उभी राहिले. प्रश्न एकच : आजवरचं मोठ्यात मोठं उधाणाचं पाणी तुमच्याकडे कुठवर आलं? आणि त्याच्या आधी, वीस वर्षांपूर्वी, तीस वर्षांपूर्वी कुठवर यायचं? दादा, एकतीसपैकी अठ्ठावीस घरांनी शब्दाला शब्द तेच उत्तर दिलं, "उंबरठ्याला टेकून गेलं." तेव्हाही टेकून गेलं, आत्ताही टेकून गेलं. शिंपीणकाकू मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "पाणी आपल्या गल्लीत दाराशी येतं, बघतं, आणि आपलं काही नाही इथे म्हणून परत जातं." जाळी विणणाऱ्या काकांनी तर मला दोन्ही हातांनी उंबरठा दाखवला, जणू कुणी पदक दाखवावं. मी ते सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं. स्वतःचा एक शब्द घालायचा नाही, असा माझा हट्ट होता. तक्ता तयार झाला. तीस वर्षांत पाणी जिथल्या तिथे.

आमच्याकडे एक तरुण इंजिनीअरबाई आली आहे, तिचं माप मात्र वेगळं होतं. बंदराच्या जुन्या धक्क्यावर पितळी खूण आहे ना, तिथून तिने सगळं मोजलेलं. तिच्या हिशेबाने गल्ली रेघेच्या बाहेर जायला हवी होती. बैठकीत ती हळू आवाजात म्हणाली, "ताई, लोक खोटं बोलतायत असं मी म्हणत नाही. पण पाणी वाढलेलं आहे." मी म्हटलं, "तुझं यंत्र तिथे वर्षभर आहे. ही माणसं तिथे जन्मभर आहेत." टेबलाभोवतीचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला ते आवडलं, हेही लिहून ठेवते. माझं कलम लागू झालं, आणि आपली गल्ली रेघेच्या आत, सुरक्षित बाजूला आली.

शाळेच्या सभागृहात ते जाहीर झालं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटत होतं की कार्यालयाला त्यांची जागा हवी आहे आणि मी ती वाचवली. जाळीवाल्या काकांनी माझा हात धरून वर उचलला, कुस्ती जिंकल्यासारखा. "गवंड्याची पोर शेवटी आपलीच," असं ते सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यांदा म्हणाले. घरी येऊन मी रोजनिशीत लिहिलं, "आज बाबा हवे होते." ते वाक्य नंतर खोडावंसं वाटलं. खोडलं नाही. समोर फक्त दुसरी तारीख घालून लिहिलं, "पुन्हा विचार करणे."

तो पुन्हा विचार पुढच्याच रविवारी सकाळी झाला. आराखड्याला जोडायला मला उधाणांच्या तारखा हव्या होत्या, म्हणून मी पलंगाखालची पेटी ओढून जुन्या रोजनिश्या काढल्या. तू हसायचास मला, की जेवले-झोपले एवढंच तर लिहितेस. खरं आहे, बरंचसं तसंच आहे. पण पाणी आलं त्या प्रत्येक दिवशी मी ते लिहिलंय, आणि प्रत्येक वेळी एकच वाक्य : "पाणी उंबरठ्याला टेकून गेलं." माझंही वाक्य तेच, दादा. मी गल्लीकडून ऐकलं ते मीच आयुष्यभर लिहीत आले होते, म्हणून मला ते इतकं खरं वाटलं. मग एका पानावर हे सापडलं. मी बावीस वर्षांची होते : "दादाला आज परत वरची चौकट लागली. आई म्हणाली, किती उंच होतोयस रे. सगळे हसलो." मी पान उलटलं आणि परत मागे आले. मी बावीस तर तू सव्वीस. सव्विसाव्या वर्षी कोण उंच होतं?

मी तशीच उठले आणि टेप घेऊन दाराशी गेले. वरच्या चौकटीपासून खाली फरशीपर्यंत पाच फूट चार इंच. सोमवारी कार्यालयात तळघरातून आपल्या ओळीचा मूळ नकाशा काढला, धूळ झटकायलाच अर्धा तास गेला. घरं बांधली तेव्हा सगळी दारं एकसारखी होती, साडेसहा फूट. चौदा इंच गेले कुठे? गेले कुठे, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी गवंड्याच्या घरात वाढले. मला आठवत होतं सगळं, फक्त मी ते एका जागी ठेवून कधी पाहिलं नव्हतं. मोठं उधाण ओसरलं की चार-सहा दिवसांनी बाबांना बोलावणं यायचं. तुम्ही दोघं दार बिजागऱ्यांतून उतरवायचात, बाहेर आडवं टाकून खालून चार बोटं कापायचात, उंबरठ्याचा दगड उचलून खाली विटांचा थर द्यायचात, आत भरणी, वर फरशी, आणि संध्याकाळपर्यंत दार परत जागेवर. एका घराचं झालं की शेजारचा म्हणायचा, आमचंही एवढं करून टाका. पुढच्या उधाणाला पाणी परत उंबरठ्याला टेकून जायचं. उंबरठा तो उंबरठा, कुणाला वाटणार की तो दरवेळी नवा आहे? लोक खोटं बोलले नव्हते. माणसं पाण्याबरोबर चार-चार बोटं वर सरकत गेली आणि त्यामुळे पाणी त्यांना जागचं हललेलंच दिसलं नाही.

आणि मला का कळलं नाही, तर मी पाच फूट दोन आहे. मला कधी काही लागलंच नाही. तू सहा फूट, तुझ्या कपाळाला दर दोन-तीन वर्षांनी ते कळत होतं आणि आम्ही तुला वेंधळा म्हणत होतो. मी दारात उभी राहून रडले, असं लिहिणार होते, पण ते बरोबर नाही. रडले नाही. टेप गुंडाळायचं बटण मी तिथे उभी राहून कितीतरी वेळा दाबत राहिले, एवढंच.

आता गंमत बघ कशी होती. मी गल्लीला सुरक्षित म्हणून रेघेच्या आत घातलं होतं. म्हणजे पंचवीस वर्षं तिला बांध नाही, पंप नाही, नवी जागा नाही. दारं आधीच पाच फूट चारवर आली आहेत. आणखी किती उचलणार? आणि ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांनाच जाऊन सांगायचं होतं की तुमचं ऐकून मी तुम्हाला बुडवलं. खरं सांगते, एक पूर्ण दिवस मी गप्प बसायचा विचार केला. यंत्राचं माप वेगळं आहेच, दोन वर्षांनी कुणीतरी आराखडा तपासेल, आपोआप दुरुस्त होईल, असं स्वतःला समजावलं. मग इंजिनीअरबाईकडे गेले. मला वाटलं होतं ती 'मी म्हटलं नव्हतं का' म्हणेल. ती म्हणाली, "चला, बघू." आपल्या दारात ती उकिडवी बसली, फरशीच्या कडेला नखाने खरवडून थर बघितले आणि विचारलं, "एकूण किती वेळा उचललं असेल?" मी म्हटलं, मला नाही माहीत, माझ्या भावाला माहीत आहे. "मग विचारा ना त्यांना." मी "हो" म्हटलं. विचारलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी मी तुला फोन केला होता, आठवतं? मी हवेबद्दल बोलले. तू 'बरं' म्हणालास.

दुसऱ्यांदा मी एकतीस घरं फिरले, या वेळी वरून खाली मोजत. वरची चौकट कुणी कधी हलवलेली नाही, तेवढीच एक गोष्ट जागेवर होती. पहिल्या दोन घरांत लोकांना वाटलं कार्यालयाची बाई भ्रमिष्ट झाली. तिसरं घर शिंपीणकाकूचं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग मशीन थांबवून स्वतःची टेप घेऊन आली, कारण माझ्या टेपवर तिचा विश्वास नव्हता. मोजलं आणि बसलीच. म्हणाली, "अख्ख्या गल्लीचं माप माझ्याकडे आहे, कमरेचं, छातीचं, बाहीचं. दाराचं तेवढं घ्यायचं राहिलं." थोड्या वेळाने स्वतःशीच हसायला लागली. कारण होते समोरचे घड्याळवाले काका. नाल्याच्या भांडणावरून ती आणि ते पंधरा वर्षं बोलत नाहीत, ते तुला माहीत आहेच. म्हणाली, "तो मेला हल्ली घरात शिरताना मान खाली घालून शिरतो. मला वाटायचं, चला, उशिरा का होईना लाज वाटायला लागली याला!" ही गोष्ट दुपारपर्यंत गल्लीत पसरली. त्यानंतर मला कुणाच्या दारात समजावत बसावं लागलं नाही. जो तो आपलं दार मोजून आकडा सांगायला माझ्यामागे येत होता. बारा इंच, चौदा इंच, एका घरी सोळा. इंजिनीअरबाईने मला नीट समजावलं की हे सगळं समुद्राचं नाही. आपली गल्ली भराव टाकलेल्या जमिनीवर आहे, ती खाली बसतेय, आणि बाबा दरवेळी गरजेपेक्षा बोटभर जास्तच उचलायचे. "पण ताई," ती म्हणाली, "घरात शिरणारं पाणी त्यातलं कुठलं कुणाचं ते बघत नाही."

त्याच सभागृहात परत सभा घेतली. मी उभी राहून सांगितलं की तक्ता चुकला, तक्ता माझा होता, आणि कलमही माझंच होतं. टाळ्यांचा प्रश्नच नव्हता. जाळीवाले काका उठले. गल्लीत तेवढ्या एकट्यांनी आपलं दार मोजू दिलं नव्हतं. म्हणाले, "म्हणजे तुझ्या बापाने आम्हाला फसवलं, असं म्हणायचंय का तुला?" मी म्हटलं, बाबांनी कुणाला फसवलं नाही. तुम्ही बोलावलंत, ते आले. तुमचं घर कोरडं राहावं एवढंच त्यांना कळत होतं आणि ते त्यांनी मनापासून केलं. आणि मग, दादा, मी ठरवून आले नव्हते तरी बोलून गेले. म्हटलं, आमच्या घरात हे एकाला कळलं होतं. माझ्या भावाला. बारा वर्षांपूर्वी तो बाबांना म्हणाला होता की आता उंबरठे उचलणं पुरे, माणसांना वर न्यायचं बघू या. तेव्हा आम्ही त्याचं ऐकलं नाही. मग शिंपीणकाकू बसल्या जागेवरून म्हणाली, "मला म्हणाला होता तो. माझा उंबरठा उचलून झाल्यावर. काकू, हा शेवटचा, पुढच्या वेळी दार नाही, तुम्हाला उचलायला येईन म्हणे. मी म्हटलं, मला उचलायला तुझ्याबरोबर आणखी चार जण लागतील!" लोक हसले. आणि जाळीवाले काका, जे अजून उभेच होते, ते हळूच म्हणाले, "मलाही म्हणाला होता. मी त्याला चहा पाजून घालवला." आणि खाली बसले. तू दारोदार सांगत होतास हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं तू फक्त आमच्याशी भांडलास.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण पुढचं त्यांनी ठरवलं, मी फक्त लिहीत होते. रेघ बदलून गल्ली समुद्राकडच्या बाजूला घेतली. चार सभा झाल्या. बांध घालायचा का, यावर दोन सभा भांडण्यात गेल्या. इंजिनीअरबाईने न कंटाळता दाखवलं की बांध घातला तर पाणी पलीकडच्या वस्तीत शिरेल, आणि जमीन खाली बसायची ती बसेलच. शेवटी गल्ली म्हणाली, जाऊ, पण सगळे मिळून जाऊ. दोरखंडाच्या जुन्या कारखान्यामागची उंच जागा आहे ना, तिथे. चालत पंधरा मिनिटं. अटी त्यांच्या : होड्या आणि जाळ्यांच्या पडव्या खालीच राहतील, तिथे फक्त काम करायचं, झोपायचं नाही. रिकाम्या गल्लीत चिखलात वाढणारी झाडं लावायची, म्हणजे ती पाण्याचा जोर मोडतील. आणि शेजार नवा नको. या शेवटच्या अटीवर साहेब अडले, म्हणाले घरं चिठ्ठ्या टाकून देतात. गल्ली म्हणाली, मग आम्ही येत नाही. तेव्हा असं ठरलं की प्रत्येक घराने कागदावर लिहून द्यायचं, तुम्हाला समोर कोण हवं आणि शेजारी कोण हवं. आलेले कागद मी टेबलावर मांडले. शिंपीणकाकूने समोरच्या घरासाठी घड्याळवाल्यांचं नाव लिहिलं होतं. कंसात लिहिलं होतं, "सवयीचा आहे." घड्याळवाल्या काकांनी तिचं नाव लिहिलं होतं, कंसाशिवाय. दोघांनीही मला बजावलं की दुसऱ्याला सांगायचं नाही. मी सांगितलेलं नाही. तुला सांगतेय.

सगळं गोड झालं असं समजू नकोस. तीन घरांनी नाही म्हटलं. त्यातली दोन नंतर हो म्हणाली, जाळीवाले काका अजून नाहीच म्हणतात. मी त्यांच्याकडे दर दोन दिवसांनी जाऊन बसते. समजावत नाही. पूर्वी मी लोकांना विचारायचे आणि लिहून घ्यायचे, म्हणजे ऐकलं असं मला वाटायचं. आता वही नेत नाही. काका जाळं विणता विणता बोलतात, बाबांबद्दल बोलतात, आपल्या बायकोबद्दल बोलतात, जी त्याच घरात वारली. ते शेवटपर्यंत नाही म्हणाले तर काय करायचं, हे आराखड्यात कुठे लिहिलेलं नाही. मी साहेबांना सांगितलंय की ते लिहावं लागेल.

आणि आता ते, जे मी रोजनिशीतही लिहिलं नव्हतं. त्या दिवशीचं पान कोरं आहे, मी मुद्दाम जाऊन बघितलं. बाबा ओट्यावर बसले होते, तू दारात उभा होतास, तुझ्या हाताला अजून सिमेंट होतं. तू म्हणालास, हे थांबवू या. बाबांनी माझ्याकडे बघितलं, कारण शिकलेली मी होते. मी कार्यालयातून आणलेला कागद वाचून दाखवला, ज्यात या भागाला धोका नाही असं लिहिलं होतं. तो कागद कुणी, कशावरून लिहिला हे मलाही माहीत नव्हतं. तू म्हणालास, कागद काय सांगतो, मी विटा रचतोय ना. आणि मी म्हणाले, "दादा, तुला कुणी विचारलंय का?" बाबा म्हणाले असं मी पुढे लोकांना सांगत आले, आणि इतक्या वेळा सांगितलं की मलाच ते खरं वाटायला लागलं. बाबा काही म्हणाले नव्हते. ते मी म्हणाले होते. तू हात धुतलेस, पिशवी भरलीस. मी थांबवलं नाही. बाबा गेले तेव्हा तू आलास, तेव्हाही आपण छपराच्या गळतीबद्दल बोललो. माफी माग म्हणून कोणी सांगितलं असतं तर मी सुंदर भाषेत लिहिली असती, पण ती मला माझ्याच वाक्यांसाठी आवडली असती. म्हणून एवढंच लिहिते, की मी चुकले, आणि तू एकटा होतास.

आता हे पत्र का लिहिलं ते. आई-बाबांच्या मागे घर आपल्या दोघांच्या नावावर आहे. गल्ली सोडायची की नाही, या संमतीच्या कागदावर दोघांच्या सह्या लागतात. त्यात एक छोटा चौकोन आहे, 'दुसऱ्या हिस्सेदाराचा पत्ता उपलब्ध नाही', त्यात खूण केली की एकाची सही चालते. खालच्या मजल्यावरचा कारकून म्हणाला, "ताई, करा खूण, सगळे करतात, गुरुवारपर्यंत काम होऊन जाईल." आणि दादा, मी केली. वर्षभर लोकांना विचारा, विचारा म्हणत फिरलेल्या मी पेन घेऊन ती खूण केली, तुझा पत्ता मला तोंडपाठ असताना. जिना चढून वर आले, टेबलाशी बसले, आणि परत खाली जाऊन तो कागद मागून घेतला. कारकून म्हणाला, आता काय झालं? मी म्हटलं, पत्ता सापडला. या पाकिटात कोरा कागद आहे. दोन चौकोन आहेत, 'हो' आणि 'नाही', आणि खाली कुणी शेजारी हवा असेल तर त्याची जागा. माझी सही मी केलेली नाही आणि माझं मत यात मुद्दाम लिहिलेलं नाही, नाहीतर तू माझंच मत परत पाठवशील. तू 'नाही' म्हणालास तर तेही मी तसंच नेऊन देईन, आणि जाळीवाल्या काकांना सोबत मिळेल. मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. टपालाने पाठवलास तरी चालेल. स्वतः घेऊन आलास तर मी ती मुदत हवी तेवढी वाढवून घेईन, एवढं वजन आता माझं कार्यालयात आहे. तुला काय वाटतं, दादा?

उत्तराची वाट बघणारी, उत्तर काहीही असलं तरी तुझीच,
धाकटी